स्टारड्यूत गोल्ड वांगी रांधली तर वाया जातात का? को-ऑपवाल्यांनी सांगा जरा

चाळीसगावचा_गडी
आम्ही चौघं स्टारड्यू व्हॅली ही शेतीची व्हिडिओ गेम को-ऑप, म्हणजे एकाच शेतावर मिळून, खेळतो, मी चाळीसगावला, दोघं धुळ्याला आणि एक पुण्यात नोकरीला, होस्ट तोच. गेममधल्या दुसऱ्या वर्षाचा फॉल (शरद ऋतू) चालू आहे. मी पहिल्या तारखेलाच क्वालिटी फर्टिलायझर टाकून वांगी लावली, दर पाच दिवसांनी तोडली आणि गोल्ड (सोनेरी ताऱ्याच्या चांगल्या क्वालिटीची) निघालेली २४ वांगी वेगळी जमवली. काल रात्री आमच्याकडे लाईट गेली, तासाभराने परत येतो तर पुणेकर महाशयांनी सगळ्यांचं एगप्लांट पार्मेजान करून ठेवलेलं, वर उन्हाळ्यातले गोल्ड टोमॅटो पण संपवले. म्हणे चांगल्या मालाची चांगली डिश होणार. बघतो तर एकाही डिशवर तारा नाही. हा बग आहे का? आमच्याकडे भरताचं वांगं घेताना माणूस दहा वांगी हातात घेऊन बघतो, वजनाला हलकं पाहिजे, बी कमी पाहिजे, आणि इथे गोल्ड टाका नाहीतर साधं टाका, सगळं सारखंच?

भुसावळ_लोको
बग नाही भाऊ, गेमच तशी आहे. किचनमध्ये शिजवलं की जिनसांची क्वालिटी धरतच नाहीत, डिश साधीच निघते. हिशेब लावून बघ, स्किलचा बोनस सोडून. साधं वांगं ६०, साधा टोमॅटो ६०, दोघं मिळून १२० आणि पार्मेजान जातं २०० ला, म्हणजे ८० सुटले. तेच गोल्ड असले तर ९० नि ९० म्हणजे १८० चा माल, आणि डिश परत २०० लाच. २० साठी चुलीपाशी कोण बसेल? गोल्ड कच्चंच विकायचं, नाहीतर खायचं, गोल्डने एनर्जी १.८ पट मिळते. आणि गोल्ड माल फ्रीजमध्ये ठेवूच नको, बाहेरच्या पेटीत ठेव, किचनला त्या पेटीतलं दिसत नाही. पुणेकराला पण नाही दिसणार 😄

रावेरची_केळी
वरच्या भाऊचं बरोबर आहे पण फक्त किचनपुरतं नाही, केग (वाईनचं पिंप) आणि प्रिझर्व्हज जार (मुरंबा-लोणच्याची बरणी) यांचं पण तेच, इरिडियम (गोल्डच्या वरची क्वालिटी) फळाची वाईन साधीच निघते, म्हणून तिथे कायम हलका माल ढकलायचा. अंडं-दुधाचं मात्र वेगळं, मोठं दूध टाकलं की चीज गोल्ड निघतं, मोठ्या अंड्याचं मेयोनीज गोल्ड, तिथे आकार बघतात तारा नाही. आणि पेपर पॉपर (मिरचीची डिश) विकायला कोणी करत असेल तर हात जोडतो, त्यात चीज जातं आणि चीज एकटंच २३० ला जातं, डिश २०० ला. ते स्पीडसाठी खायचं असतं. तारा पाहिजेच असेल तर गेममधल्या जिंजर आयलंड बेटावर १०० सोनेरी वॉलनट जमवून 'ची' (Qi) नावाच्या साहेबांची खोली उघडा, तिथे 'ची सीझनिंग' नावाचा मसाला मिळतो, तो जवळ असला की डिश गोल्ड होते आणि बफ (खाल्ल्यावर मिळणारा तात्पुरता फायदा) पण वाढतो.
(त्या बेटावर केळीच्या झाडाला रोज एक केळं लागतं आणि तेच झाड वर्षानुवर्षं उभं. आमच्या वडिलांना दाखवलं, ते म्हणे घड कापल्यावर खोड तोडायचं असतं हे यांना कोणी सांगितलं नाही का.)

नंदुरबारची_ताई
मी फायनल फँटसी १४ ही दुसरी ऑनलाईन गेम खेळते, तिकडे उलटं आहे. कलिनेरियनने (तिकडच्या स्वयंपाक्याने) एचक्यू म्हणजे हाय क्वालिटी जिन्नस वापरले की क्वालिटीचा पट्टा शून्यावरून न निघता पुढूनच सुरू होतो, आणि डिश एचक्यू निघाली की स्टॅट (ताकदीचे आकडे) जास्त मिळतात, असर टिकतो मात्र ३० मिनिटंच, साधीइतकाच. पण २०२१ ला एन्डवॉकर हा त्या गेमचा नवा भाग आला तेव्हापासून खणून-तोडून आणलेल्या मालाला एचक्यू मिळणंच बंद झालं, आता जे काय एचक्यू आहे ते आपण बनवलेल्या पीठ-लोण्यासारख्या वस्तूंमध्ये. त्याआधी तासन् तास भाजी तोडण्यात गेलेत माझे, ते कोण भरून देणार?

चाळीसगावचा_गडी
समजलं. म्हणजे स्टारड्यूत जेवणाला क्वालिटीचा काहीच उपयोग नाही असंच ना?

भुसावळ_लोको
एक जागा आहे, लुआऊ या गेममधल्या सणाचं सूप, समर ११ ला. तिथे काय टाकलं आणि कोणत्या क्वालिटीचं टाकलं दोन्ही बघतात, गोल्ड मेलन टाकलं की सूप चाखणारा गव्हर्नर एकदम खूश. मेलनला १२ दिवस लागतात, त्यामुळे पहिल्या वर्षी स्पीड-ग्रोशिवाय (पीक लवकर आणणारं खत) जमत नाही, दुसऱ्या वर्षासाठी पेटीत ठेवायचं, सडत तर नाहीच काही. पण को-ऑपला मेख अशी की सगळ्यांच्या जिनसांमधला जो सगळ्यात हलका त्यावर निकाल लागतो, आणि एकाने जरी काहीच टाकलं नाही तर सूप नुसतं ठीकठाक.

चाळीसगावचा_गडी
अरे देवा. यावर्षी मी गोल्ड मेलन टाकलेलं आणि तरी सूप ठीकठाकच आलं, मला वाटलं मेलनच चालत नाही म्हणून उरलेली विकून टाकली. आत्ता ग्रुपवर विचारलं कोणी काय टाकलं होतं. धुळ्याचे दोघं बोलले, एकाने चीज एकाने ब्लूबेरी.
पुणेकर ऑनलाईन दिसू राहिला, पण बोलत नाही भो.