साशिको: ठिगळाला चुण्या का पडल्या?

रानजाई: मुलाच्या जीन्सचा गुडघा फाटला. टाकून देववेना, म्हणून साशिको, म्हणजे धावदोऱ्याचं जपानी शिवणकाम, शिकायला घेतलं. आतून निळं सुती ठिगळ, वरून खडूच्या रेघांवर पांढरा धावदोरा. बारा ओळींना तीन संध्याकाळी लागल्या. टाके एकसारखे आले, पण एका धुण्यात गुडघा आकसून गोळा झाला. दोरा भरतकामाचा, सहापदरी. काय चुकलं?

सुईवाली: ठिगळ लावण्याआधी धुतलं होतंत का? कोरं सुती कापड आटतं. पण माझा संशय दोरा ओढण्यावर आहे. मी जपानमध्ये हिरोसाकीत राहायचे तेव्हा शेजारच्या आजींनी पहिल्याच दिवशी माझी अख्खी ओळ उसवायला लावली होती. सुई जवळपास स्थिर ठेवायची आणि कापडच तिच्यावर चढवत जायचं. चार-पाच टाके सुईवर जमले की दोरा बाहेर काढायचा, आणि मग अंगठ्याने कापड दोऱ्यावरून सरकवत सपाट करायचं. याला त्या ‘इतोकोकी’ म्हणायच्या. हे प्रत्येक ओळीला करायचं, आळस नाही. ओळ संपून वळताना मागे दोऱ्याचा छोटा सैल फास सोडायचा. तुमचा दोरा वळणावर ताठ आहे का, उलटून बघा.
दोरा शक्यतो साशिकोचाच घ्या. तो सुती असतो, चकाकत नाही, आणि त्याचे पदर सुटे करायचे नसतात.

गोधडी_नाशिक: आमच्या आजीच्या गोधडीतही धावदोराच. मग साशिको वेगळं कशात?

सुईवाली: टाका तोच, म्हणून तर मला ते परकं वाटलं नाही. तिकडची गरज मात्र थंडीची होती. हिरोसाकी ज्या त्सुगारू संस्थानात होतं, तिथे कापूस पिकत नसे, आणि 1724 साली शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला बंदी झाली. अंगावर विरळ विणीचं हेंपचं (भांगेच्या झाडाच्या धाग्याचं) कापड. पुढे सुती दोरा हाती आला तेव्हा बायकांनी त्याच कापडाची भोकं टाक्यांनी बुजवली, त्याला ‘कोगिन’ म्हणतात. त्यात कापडाचे उभे धागे विषम संख्येने मोजतात: एक, तीन, पाच. नक्षी त्या मोजणीतूनच उमटते. मला तिची सुबकता आवडतेच, पण आधी ऊब आठवते.

रानजाई: उलटून पाहिलं. बाराही वळणं ताठ! फास एकही नाही. ठिगळही कोरंच होतं. आज रात्री सगळं उसवते, ठिगळ भिजत घातलंय.

सुईवाली: उसवताना कात्रीने मागचेच टाके कापा, पुढची जीन्स वाचेल.