भाडेकरूवर ड्रग्जचा संशय आला तेव्हा तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

वाकडला आमचा वन बीएचके आहे, आईच्या नावावर. गेल्या आठवड्यात सेक्रेटरी काकांचा फोन, तुमच्या भाडेकरू पोरांकडे रात्री दीड-दोनला कोणीतरी येतं, दोन मिनिटांत परत जातं, आणि जिन्यात वास मारतो. आई घाबरलीये. बाबा म्हणतात लाइट-पाणी तोडा, आपोआप जातील. ज्यांच्यावर ही वेळ आलीये त्यांनी लिहा प्लीज. सल्ले नकोत, ते फॅमिली ग्रुपवर पोतंभर मिळालेत, काय घडलं ते सांगा.

*

माझा अनुभव उलटा आहे आणि लिहायला लाज वाटते. कोथरूडची आमची रूम एका मुलीला दिली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या तिच्याकडे छोट्या छोट्या झिपलॉक पिशव्या आणि सोनाराकडे असतो तसला वजनकाटा आहे, मी स्वतः पाहिला. माझं डोकंच फिरलं, डुप्लिकेट चावीने दार उघडून आत शिरलो. पोरगी जमिनीवर बसून ऑक्सिडाइज्ड कानातली पॅक करत होती, इन्स्टावर विकायची, मणी वजनावर आणायची म्हणून काटा. आणि रात्री येणारा तिचा भाऊ, कुरिअरचा माल न्यायला. एवढंच म्हणाली, काका बेल वाजवायची ना. महिन्याभरात सोडून गेली, डिपॉझिट मी न मागता पूर्ण दिलं.

*

नाशिकरोडहून. शिंदे गावात ऑक्टोबर २०२३ मध्ये एमडी म्हणजे मेफेड्रोन ड्रगचा कारखाना सापडला, साकीनाका पोलीस मुंबईहून आले होते, ते सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतर इकडे गाळेवाल्यांची झोप उडाली. माझ्या गाळ्यात एक जण साबणाचं केमिकल करतो म्हणून होता, सहा महिन्यांचं भाडं रोख आगाऊ, घासाघीस शून्य, तेव्हाच खटकायला हवं होतं पण रोख पैसा दिसला की माणूस आंधळा होतो. जाऊन बघितलं तर शटर कमरेएवढंच वर, एक्झॉस्ट रात्रभर चालू, ड्रमांवरची लेबलं खरवडून काढलेली, आणि साबणाचा वास नावाला नाही. काही बोललो नाही, चहा प्यायलो, सरळ पोलीस स्टेशनला गेलो. ते येईपर्यंत पार्टी रातोरात पसार, ड्रम तिथेच. पंचनामा झाला, गाळ्याला सील, माझा जबाब तीनदा. ड्रममध्ये काय होतं ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

*

मी वकिलांकडे काम करते म्हणून थोडं लिहिते, सल्ला समजू नका. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, १९८५ चा, कलम २५ आहे, जागा असल्या कामाला जाणूनबुजून वापरू दिली तर मालकही आरोपी. सगळा खेळ त्या 'जाणूनबुजून'वर. आमच्याकडे एक आजोबा आले होते, सोसायटीने त्यांना दोन लेखी पत्रं दिलेली आणि त्यांनी ती ड्रॉवरमध्ये टाकलेली. ड्रॉवरमधली तीच पत्रं त्यांच्या अंगाशी आली. दुसरं म्हणजे लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाड्याचा करार रजिस्टर नसेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात. आणि लाइट तोडायचं बाबांना सांगा विसरा, दुसऱ्या दिवशी तुमच्याचविरुद्ध अर्ज येतो.

*

गोव्यातून. वरचा मजला एका फॉरेनरला दिलेला, परदेशी माणूस ठेवल्याची नोंद करायचा सी फॉर्म चोवीस तासांच्या आत भरलेला, कागद सगळे चोख. पण लाइट बिल एकदम तिप्पट. आम्हाला वाटलं एसी. माझी आजी रात्री अंगणात जायची, ती म्हणायची त्याच्या खिडकीच्या फटीतून जांभळा उजेड येतो, देव बिव पूजतो की काय. काचांना आतून चांदीचा कागद लावलेला. मीटरवाला आला तो हसून म्हणाला, आत बागायत आहे का हो? खरंच होती. बेडरूममध्ये कुंड्या, दिवे, पंखे, गांजाची कमरेएवढी झाडं. कागद चोख होते म्हणून आम्ही साक्षीदारावर सुटलो, पण ती खोली कित्येक महिने सील, भिंतीला बुरशी, भाडं बुडालं ते वेगळंच. आजी अजून त्याला बागवाला म्हणते.

*

सदाशिव पेठ, कॉट बेसिसवर मुलं ठेवते, वीस वर्षं झाली. एक पोरगा लातूरकडचा, पहिलं वर्ष हसरा, ताटातली पोळी टाकायचा नाही. मग डोळे लाल, डबा तसाच परत, आंघोळ नाही. एक दिवस तुळशीच्या कुंडीत अर्धवट जळलेल्या सिगारेटी सापडल्या, तंबाखू काढून दुसरंच काही भरलेलं. पोलिसांत नाही गेले मी. विकत नव्हता तो, ओढत होता, फरक आहे. त्याच्या वडिलांना फोन केला. ते रात्रीच्या एसटीने आले, पायऱ्यांवर चप्पल काढून उभे, आत यायला तयार नाहीत, ताई माझ्या पोराने चोरी केली का हेच विचारत होते. दोघांना मीच रिक्षाने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेले. सुटला का? एकदा घसरला, परत गेला. आता गावाकडे दुकान बघतो, दिवाळीला फोन येतो.

*

वरच्या काकू, राग मानू नका पण हे धोक्याचं आहे. उद्या त्याच खोलीत कोणाकडे माल सापडला असता तर तुम्हाला आधीपासून माहीत होतं हे तुमचेच बाकीचे पोरगे सांगतील.

*

माहीत आहे रे बाबा. तरी परत तीच वेळ आली तर फोन मी वडिलांनाच करेन.

*

धागाकर्ता परत. काल बाबांना घेऊन चौकीत गेलो, अर्ज दिला, इनवर्ड नंबर घेतला. १९३३ या हेल्पलाइनवर नाव न सांगता कळवता येतं तेही तिथेच कळलं. साहेबांनी ॲग्रीमेंट बघितलं, रजिस्टर आहे म्हणाले, चांगलंय. मग विचारलं, पोलीस व्हेरिफिकेशन? बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी एजंटला फोन लावला. तो म्हणतो, दादा ते करायचं राहिलंच.