‘बाधित डास’ पुरेसं आहे का?

कोथरूडकर: डासांतले मलेरियाचे परजीवी पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणारी चाचणी) कसे शोधतात, यावरचा लेख मराठीत करतोय. शीर्षक ‘डासांमधील हिवतापाचे निदान’ चालेल? शिवाय इन्फेक्टेड आणि इन्फेक्टिव्ह, दोन्हींना मी ‘बाधित’च लिहिलंय.

पेठकर: निदान रोग्याचं करतात हो. डास कुठे अंथरुणाला खिळलाय! ‘परजीवींचा शोध’ म्हणा. आणि ‘डास’ पुल्लिंगी असला तरी चावते मादीच. एकदा तरी ‘ॲनाफिलिसची (मलेरिया पसरवणाऱ्या डासाची) मादी’ लिहा.

धानोरीकर: मी कीटकांचंच काम करते, म्हणून जरा लांबण लावते. रुग्णाचं रक्त प्यायलेल्या मादीच्या आतड्यात परजीवी रुजले, की ती बाधित. पुढे आतड्याच्या भिंतीवर पुटी धरतात, त्या फुटतात आणि स्पोरोझॉइट, म्हणजे माणसात शिरणारी परजीवीची अवस्था, लाळग्रंथीत पोचतात. तेव्हा ती इन्फेक्टिव्ह. याला साधारण १० ते १४ दिवस जातात. त्याआधी मादी मेली तर तिच्याकडून कुणालाच ताप नाही. पीसीआरला दिसतो फक्त परजीवीचा डीएनए, बहुधा १८एस आरआरएनए जनुकाचा तुकडा. तो लाळेतला, की कालच प्यायलेल्या रक्तातला, हे यंत्र सांगत नाही. लाळग्रंथी छातीत असतात, म्हणून डोकं-छाती एका नळीत, पोट दुसऱ्या नळीत. नुसतं पोट पॉझिटिव्ह आलं तर इन्फेक्टिव्ह म्हणता येत नाही. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर ही सगळी कापाकापी कशासाठी, ते वाचकाला कळणारच नाही.

कोथरूडकर: मग इन्फेक्टिव्हला ‘बाधक’?

पेठकर: छे! साधकबाधक चर्चा वाटेल. ‘संसर्गक्षम’ लिहा. जड आहे, पण नेमका आहे.

धानोरीकर: प्रयोगशाळेत बोलताना सगळे इन्फेक्टिव्हच म्हणतात; छापायला ‘संसर्गक्षम’ बरा. ‘वाहक’ ठेवा, पण डास नुसता हमाल नाही. परजीवीचं लैंगिक प्रजनन डासातच होतं, त्यामुळे शास्त्रात मुख्य यजमान तो आणि माणूस मध्यस्थ यजमान.

पेठकर: म्हणजे गच्चीवरची टाकी आमची, रक्त आमचं आणि यजमान तो!

धानोरीकर: टाकीचं झाकण लावा. शहरातला ॲनाफिलिस स्टीफेन्सी तिथेच वाढतो.

कोथरूडकर: शेवटचं. ‘दहा डासांचा पूल पॉझिटिव्ह आला’ असं वाक्य आहे.

पेठकर: पुण्यातला लकडी की भिडे?

धानोरीकर: ‘गट’ करा. दहा डास एकत्र कुटून एकच चाचणी केलेली असते. आणि ‘दहा डास पॉझिटिव्ह’ तेवढं लिहू नका. त्यातला निदान एक, एवढंच कळतं.

पेठकर: हे ‘निदान’ मात्र चालेल.