स्पॅनिशमध्ये आधी कोणता भूतकाळ शिकवावा: इम्परफेक्तो की इंदेफिनिदो?

अक्षरवेल:
बरीच पाठ्यपुस्तकं भूतकाळाची सुरुवात इंदेफिनिदोने, म्हणजे पुरी झालेली क्रिया सांगणाऱ्या भूतकाळाने ('केलं', 'गेलो') करतात. मराठी विद्यार्थ्याला मात्र आधी इम्परफेक्तो, म्हणजे चालू किंवा नेहमीची क्रिया सांगणारा भूतकाळ ('करत होतो', 'करायचो') द्यावा असं माझं ठाम मत आहे, कारण तो जवळजवळ पूर्ण नियमित आहे. 'आर'ने संपणारे धातू, उदाहरणार्थ आब्लार (बोलणे): आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. 'एर' आणि 'इर' यांना मिळून एकच संच, उदाहरणार्थ कोमेर (खाणे): कोमीआ, कोमीआस, कोमीआ, कोमीआमोस, कोमीआइस, कोमीआन. अपवाद फक्त 3: सेरचं (असणे) एरा, इरचं (जाणे) इबा, बेरचं (पाहणे) बेईआ. वर्तमानकाळात मूळ बदलणारे धातू इथे गुमान सरळ चालतात. पुएदो (मी करू शकतो), पण पोदीआ. दुएर्मो (मी झोपतो), पण दोर्मीआ. इंदेफिनिदोत मात्र तूबे (माझ्याकडे होतं), ईसे (मी केलं), दीखे (मी म्हणालो), फुई (मी गेलो) अशी अनियमित रूपांची रांगच लागते.

मूळधातू:
असहमत. सोपं म्हणून आधी, हा निकषच चुकीचा. काल काय केलं हे सांगायला इंदेफिनिदो लागतो. इम्परफेक्तो आधी रुजला की विद्यार्थी 'आयेर इबा आल सिने' म्हणून मोकळे होतात. ऐकणारा ताटकळतो: सिनेमाला जात होतास, मग झालं काय? 'आयेर फुई आल सिने' म्हटलं की बोलणं पुरं झालं.

अक्षरवेल:
हा दोष क्रमाचा नाही, अर्थ न सांगता तक्ता पाठ करून घेतल्याचा आहे. मराठीत यासाठी जागा तयार आहे. 'आम्ही रोज खेळायचो' आणि 'आम्ही खेळत होतो', दोन्हींना खुगाबामोस. 'मला माहीत होतं' म्हणजे साबीआ, 'मला कळलं' म्हणजे सूपे. हा फरक आपण बोलताना रोज करतोच.

सायंवर्ग:
हाच आधार एका ठिकाणी दगा देतो. 'तो पाच वर्षं माद्रिदमध्ये राहत होता' हे मराठी कानाला बरोबर वाटतं, म्हणून वहीत बिबीआ येतं. स्पॅनिशला हवं असतं बिबिओ: 'बिबिओ सिंको आन्योस एन माद्रिद'. काळ मोजून बंद केला की तो कितीही लांब असो, इंदेफिनिदोच. 'तेव्हा तो माद्रिदमध्ये राहत होता' इथे मात्र बिबीआ. तसंच 'तीनदा गेलो' म्हणजे फुई, 'दर उन्हाळ्यात जायचो' म्हणजे इबा.

लेखनातले गुणही इथेच जातात. आब्लाबातला 'ब' नेहमी बी अक्षराने लिहायचा. उच्चार सारखा म्हणून सर्रास व्ही लिहिलं जातं. कोमीआच्या सहाही रूपांत आय अक्षरावर तिरकी रेघ हवी. ती गाळली तर दोन स्वर एकमेकांना चिकटतात आणि आघात मागे सरकतो. 'आर' संचात रेघ फक्त आब्लाबामोसमधल्या 'ला'वर. शिवाय मी आणि तो यांचं रूप एकच असल्याने संदर्भ नसेल तेव्हा 'यो' (मी) गाळू नये.

दक्षिणवारा:
लॅटिन अमेरिकेसाठी शिकणाऱ्यांनी आब्लाबाइस, कोमीआइस नुसती ओळखता आली तरी पुरे. तिथे 'तुम्ही सगळे' म्हणजे उस्तेदेस, आणि रूप आब्लाबान.

मूळधातू:
सायंवर्ग, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. क्रिया बंद झाली म्हणजे काय, हे आधी पक्कं नसेल तर उघडी क्रिया ओळखणार कशी? इंदेफिनिदोचे नियमित दोन संच आणि फुई, ईसे, तूबे, एस्तूबे (मी होतो) एवढं आधी घ्या. मग इम्परफेक्तो.

अक्षरवेल:
'मी आठ वर्षांचा होतो' हे 'तेनीआ ओचो आन्योस', 'तीन वाजले होते' हे 'एरान लास त्रेस'. इंदेफिनिदो कितीही घोटला तरी ही वाक्यं हाती लागत नाहीत. मी क्रम असा ठेवते: लहानपणीच्या रोजच्या दिवसावर दहा वाक्यं, सगळी इम्परफेक्तोत. ती बिनचूक जमली की अकरावं वाक्य 'उन दीआ'ने, म्हणजे 'एके दिवशी'ने सुरू करायला सांगायचं. त्या वाक्याला फुई लागतं, आणि ते का लागतं हे तोवर विद्यार्थ्याला समोर दिसत असतं.