उभ्या कातळावरची ही इवलीशी गोगलगाय कोणती?

घाटवाट: मागच्या रविवारी मुळशीच्या पुढे घाटमाथ्यावर धबधब्याशेजारच्या पाझरत्या कातळावर तुरीच्या दाण्याएवढ्या, काळपट तपकिरी गोगलगायी चिकटलेल्या दिसल्या. दोन घरी आणून (हे चुकलेच) माशांच्या टाकीत सोडल्या, तर दोन्ही काचेवर चढून पाण्याबाहेर येऊन बसल्या. गोड्या पाण्यातली गोगलगाय पाण्याबाहेर का पळते?

कातळपाऊल: छायाचित्राशिवाय जात सांगणे धाडसाचे होईल, पण वर्णन क्रेम्नोकॉन्कस या प्रजातीशी (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाशी, इंग्रजीत ‘जीनस’) जुळते. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड यांनी १८६९ साली दिलेल्या या ग्रीक नावाचा अर्थच मुळी ‘कड्यावरचा शंख’ असा आहे. तिचे सारे भाऊबंद समुद्रकाठचे आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेवर, खडकाच्या भेगांत दाटीवाटीने बसलेले छोटे शंख आपण पाहिले असतील, ते याच कुळातले. त्या कुळातून गोड्या पाण्यात स्थिरावलेली ही एकच प्रजाती असून, पाण्यात बुडून न राहता तुषारांनी ओल्या झालेल्या खडकावरचे शेवाळ खरवडत राहण्याची किनाऱ्यावरची सवय तिने सह्याद्रीतही सोडलेली नाही. त्यामुळे आपल्या टाकीतल्या गोगलगायी पळाल्या नाहीत, त्या सवयीच्या जागी जाऊन बसल्या.

घाटवाट: मग येत्या शनिवारी दुसऱ्या, जवळच्या धबधब्यावर सोडल्या तर चालेल का?

कातळपाऊल: कृपया सोडू नका. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या प्रजातीच्या नऊ जाती मांडल्या गेल्या, त्यांपैकी सहा तेव्हा नव्याने वर्णिलेल्या होत्या. महाराष्ट्रातल्या जाती वेगळ्या, कर्नाटकातल्या वेगळ्या. धबधब्याभोवतीचा ओला पट्टा संपला की कोरडा कातळ किंवा रान लागते आणि इतका सावकाश सरकणारा जीव ते ओलांडून पलीकडच्या कड्यावर क्वचितच पोहोचणार, म्हणून एका डोंगरावरची दुसऱ्यावर नेणे म्हणजे निसर्गाने वेगळे ठेवलेले आपण मिसळणे होय.

शेवाळी: मूळ कातळावरही नको, असे मी म्हणेन, कारण माशांच्या टाकीतले रोगजंतू त्यांच्याबरोबर ओढ्यात जातील. झाकणाला बारीक छिद्रे पाडलेल्या डब्यात शेवाळलेला ओला दगड ठेवून त्यांना त्यावर राहू द्या, आणि आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र आहे, तिथे विचारा. विचारायला जाताना नेमकी जागा, उंची आणि तारीख लिहून न्या. त्या नोंदीवाचून शंख निरुपयोगी ठरतो.