'खडसावले' म्हणजे नेमकं काय केलं? शत्रुराष्ट्राशी बोलण्याचे शब्द

तापीकाठ, चोपडा
'भारताने पाकिस्तानला खडसावले', 'चांगलेच सुनावले', 'सज्जड दम', 'तंबी', 'कानउघाडणी'. मराठी मथळ्यांत हे सगळे शब्द एकाच घटनेला लागतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या मूळ इंग्रजी निवेदनात मात्र दर वेळी क्रियापद वेगळं असतं. तर प्रश्न दोन. या क्रियापदांना मराठीत नेमके शब्द आहेत का? आणि चुकीचा शब्द गेला तर मथळ्यापलीकडे काही बिघडतं, की ही नुसती आपली भाषेची खोड?

केळीबाग, रावेर
दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. बिघडतं. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या तिसऱ्या कलमात दूतावासाची कामं दिली आहेत. यजमान देशात काय चाललंय ते कायदेशीर मार्गाने जाणून घेऊन मायदेशी कळवणं, हे त्यातलं एक. म्हणजे मथळे आणि सभेतली भाषणं रोज वाचली जातात आणि त्यांचा गोषवारा पुढे जातो. मंत्री ज्यांच्यासाठी बोलला ते टाळ्या वाजवून घरी गेले, तरी त्याचं वाक्य दुसऱ्या देशाच्या फायलीत राहतं.

आता क्रियापदांची उतरंड. 'चिंता व्यक्त केली' ही सगळ्यात खालची पायरी. 'निषेध नोंदवला' त्याच्या वर, 'तीव्र निषेध' आणखी वर. नंतर 'पाचारण': समोरच्या देशाच्या दूताला मंत्रालयात बोलावून सांगणं. तिथे तोंडी सांगतात, हातात कागद देतात किंवा दोन्ही करतात. हा कागद बहुधा 'नोट व्हर्बाल' असतो. नावात 'तोंडी' असलं तरी ती लेखीच असते. तृतीय पुरुषात लिहिलेली, खाली पूर्ण सही नाही, फक्त आद्याक्षरं आणि शिक्का. गंमत म्हणजे कितीही कडक निषेध असो, तिची सुरुवात 'मंत्रालय आपणांस सादर अभिवादन करून कळवू इच्छिते' अशाच धाटणीने होते. त्याहून हलका कागद म्हणजे 'नॉन-पेपर': ना लेटरहेड, ना सही, उद्या नाकारता येईल असा. या सगळ्याला 'खडसावले' म्हटलं की पायऱ्याच पुसल्या जातात.

अमळनेरी
शब्दांच्या बाजूने थोडी भर. वृत्तपत्री मराठीत एक अलिखित व्याकरण आहे. आपला प्रवक्ता 'ठणकावतो', त्यांचा 'बरळतो'. आपला 'इशारा', त्यांची 'दर्पोक्ती'. आपले 'खडे बोल', त्यांची 'मुक्ताफळे'. आपण 'भूमिका मांडतो', ते 'गरळ ओकतात' किंवा 'कांगावा करतात'. एकाच दिवशी दोन्ही देशांनी तंतोतंत सारखं निवेदन काढलं तरी मराठी वाचकाला ते कळायचं नाही.

'पाचारण' चांगला शब्द आहे, जपावा. त्याच्या उलट क्रियेला मात्र आपण सरसकट 'माघारी बोलावले' म्हणतो आणि तिथे दोन वेगळ्या गोष्टी एक होतात. 'सल्लामसलतीसाठी बोलावले' म्हणजे राजदूत घरी आला, पण पद कायम आहे, आठ-पंधरा दिवसांत परत जाऊ शकतो. 'परत घेतले' म्हणजे ती नेमणूकच संपली. तिसरी गोष्ट 'हकालपट्टी'. ती यजमान देश करतो, त्याच व्हिएन्ना कराराच्या नवव्या कलमाखाली, आणि कारण देण्याचं बंधन त्याच्यावर नसतं. तिथला ठरीव शब्द 'अवांछित व्यक्ती'. 'नकोशी व्यक्ती' जास्त मराठी वाटतं, पण 'नकोशी' या शब्दाला आपल्याकडे मुलींच्या नावाचा एक वेगळाच दुखरा अर्थ आहे, म्हणून टाळलेलं बरं.

केळीबाग, रावेर
आणखी एक नेहमीची चूक: 'पाकच्या राजदूतांना पाचारण'. यात दोन चुका आहेत. भारत-पाकिस्तान दोघेही राष्ट्रकुलात, त्यामुळे दूत 'उच्चायुक्त' असतो, राजदूत नव्हे. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये संबंधांची पातळी खाली आल्यापासून दोन्हीकडे उच्चायुक्तही नाहीत, 'प्रभारी' आहेत. एप्रिल २०२५ मध्ये कर्मचारीसंख्या ५५ वरून ३० वर आणायचं ठरलं आणि संरक्षण सल्लागारांना अवांछित ठरवून आठवड्याची मुदत दिली. त्याला 'दूतावासाला टाळे' म्हणणं चूक. प्रभारी आणि ३० माणसं शिल्लक आहेत याचा अर्थ बोलायचं दार मुद्दाम किलकिलं ठेवलंय.

सातपुडा, नंदुरबार
'युद्धबंदी'चं सांगा कोणीतरी. हिंदी बातमीवरून मराठी करताना हमखास घोळ होतो.

अमळनेरी
हो, हा सापळा बऱ्हाणपूरच्या अलीकडे आणि पलीकडे अर्थ बदलतो. मराठीत 'बंदी' म्हणजे मनाई, थांबवणं. म्हणून युद्धबंदी म्हणजे लढाई थांबणं. हिंदीत 'बंदी' म्हणजे कैदी. म्हणून युद्धबंदी म्हणजे मराठीतला 'युद्धकैदी'. 'युद्धबंदियों की रिहाई' पाहून 'युद्धबंदीची सुटका' लिहिलं की कैदी गायब.

'शस्त्रसंधी'तल्या 'संधी'चा संस्कृत अर्थ तह. आजच्या वाचकाला मात्र ती 'चान्स' वाटते, आणि 'शस्त्रसंधीची संधी हुकली' असली वाक्यं तयार होतात.

केळीबाग, रावेर
इथे शब्दाचा राजकीय भार समजून घ्यायला हवा. १० मे २०२५ ला पाकिस्तानच्या डीजीएमओंचा (लष्करी कारवायांच्या महासंचालकांचा) फोन दुपारी ३:३५ ला आला आणि ५ वाजल्यापासून जमीन, हवा, समुद्र तिन्हीकडे 'गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवण्याचं' ठरलं, असं भारताच्या परराष्ट्र सचिवांनी सांगितलं. त्याआधीच अमेरिकेच्या अध्यक्षांनी 'सीझफायर' जाहीर केलं होतं. भारताच्या निवेदनांनी तो शब्द टाळून 'अंडरस्टँडिंग', म्हणजे सामंजस्य, हा शब्द धरला. हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. औपचारिक शस्त्रसंधी म्हटलं की अटी आल्या, कदाचित निरीक्षक आले, आणि 'ती कुणी घडवली' हा प्रश्न आला. दोन लष्करी अधिकाऱ्यांनी फोनवर ठरवलं म्हटलं की तिसऱ्याला जागा उरत नाही. १९७२ च्या शिमला करारापासून भारत 'द्विपक्षीय' हा शब्द धरून आहे, त्याच्याशी हे जुळतं.

२५ फेब्रुवारी २०२१ चं दोन्ही डीजीएमओंचं संयुक्त निवेदन पाहा. तिथे 'सीझफायर' हे नाम नाही, 'सीझ फायरिंग' अशी क्रिया आहे. मराठीत 'शस्त्रसंधी' लिहिलं की ही बारीक शिवण उसवते. सरळ 'गोळीबार थांबवणे' लिहावं. 'शस्त्रसंधी' कोरियासाठी राखून ठेवावी: तिथे २७ जुलै १९५३ ला सह्या झाल्या आणि शांतता करार आजवर झालेला नाही.

पांझरा, धुळे
शिमल्याचं निघालंच आहे तर रेषेचं नावही पाहा. १९४९ च्या कराचीतल्या करारानंतर तिला 'युद्धविराम रेषा' म्हणत. शिमल्यानंतर '१७ डिसेंबर १९७१ च्या युद्धविरामातून निर्माण झालेली नियंत्रण रेषा'. एका शब्दाच्या बदलाने ती संयुक्त राष्ट्रांच्या कागदातून निघून दोन देशांच्या कागदात आली. चीनकडची ती 'प्रत्यक्ष नियंत्रण रेषा'. मराठीत 'प्रत्यक्ष' खाल्लं की वाचकाला ती काश्मीरमधली वाटते. ६ जानेवारी २००४ चं इस्लामाबादचं निवेदन तर वर्गात शिकवावं असं आहे. दहशतवादासाठी 'पाकिस्तानच्या नियंत्रणाखालील कोणताही भूभाग' वापरू देणार नाही, असं त्यात आहे. 'पाकिस्तानची भूमी' असं नाही. 'नियंत्रणाखालील' म्हटल्याने व्याप्त काश्मीर वचनात आलं, आणि भारताने त्यावरचा त्यांचा हक्क मान्य केला असंही झालं नाही. मराठी बातमीत 'पाकची भूमी' झालं की ही सगळी कारागिरी मातीत जाते.

तापीकाठ, चोपडा
हे कागदावरचं झालं, भाऊ. सभेतल्या वाक्याने नेमकं काय होतं?

केळीबाग, रावेर
तीन गोष्टी होतात आणि त्या वेगळ्या ठेवाव्यात.

पहिली, घोषणा अट बनते. 'रक्त आणि पाणी एकत्र वाहू शकत नाही' हे पंतप्रधानांचं सिंधूच्या पाण्याबद्दलचं वाक्य २०१६ मध्ये आलं आणि मे २०२५ मध्ये देशाला उद्देशून केलेल्या भाषणात पुन्हा आलं. उद्या अभियंत्यांच्या पातळीवर पुराच्या आकड्यांबद्दल बोलायचं झालं तरी आधी या वाक्याचं काय करायचं ते ठरवावं लागेल. वाक्य जितकं गोळीबंद, तितकी त्यातून बाहेर पडायची फट लहान.

दुसरी, समोरच्याला तयारीचं निमित्त मिळतं. १२ ऑक्टोबर १९६२ ला कोलंबोला निघताना नेहरूंनी विमानतळावर पत्रकारांना सांगितलं की आपला प्रदेश मोकळा करण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत. ते 'चिन्यांना हाकलून द्या' असं पसरलं. आठ दिवसांनी, २० तारखेला, चीनचा हल्ला झाला. हल्ल्याची तयारी त्या वाक्यामुळे झाली नाही, ती आधीच चालू होती. पण पेकिंगच्या प्रचाराला आयतं वाक्य मिळालं, आणि इकडे मागे सरकून बोलायची वाट नेहरूंनी स्वतःच बुजवली.

तिसरी, समोरच्या देशातली बोलू पाहणारी माणसं उघडी पडतात. तालिबाननंतरचं अफगाण सरकार ठरवताना, डिसेंबर २००१ मध्ये बॉनला, इराणी प्रतिनिधींनी अमेरिकेला सहकार्य केलं. २९ जानेवारी २००२ ला बुश यांनी इराणला 'दुष्टांच्या अक्षा'त बसवलं. ज्यांनी सहकार्य केलं त्यांना तेहरानमध्ये तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

उलटंही घडतं, तेही सांगितलं पाहिजे. मे २००२ मध्ये कुपवाड्याला 'निर्णायक लढाई'ची भाषा करणाऱ्या वाजपेयींनीच १८ एप्रिल २००३ ला श्रीनगरमध्ये मैत्रीचा हात पुढे केला आणि त्या नोव्हेंबरात नियंत्रण रेषेवरचा गोळीबार थांबला. कडक बोललेला माणूस मऊ बोलला तर घरात त्याला कोणी भित्रा म्हणत नाही.

सातपुडा, नंदुरबार
सिंधू करार 'रद्द' की 'स्थगित'?

केळीबाग, रावेर
'रद्द' साफ चूक. २३ एप्रिल २०२५ च्या निर्णयातला शब्द 'अबेयन्स'. हा शब्द १९६० च्या करारात कुठेच नाही. बाराव्या कलमानुसार दोन्ही देश तशाच रीतसर मंजूर कराराने संपवत नाहीत तोवर तो चालू राहतो. म्हणून भारताने 'संपवला' न म्हणता बाजूला ठेवल्याचं म्हटलं. दुसऱ्या दिवशी पाकिस्ताननेही शिमल्यासह सगळे द्विपक्षीय करार बाजूला ठेवण्याचा हक्क सांगितला, आणि मराठीत मथळे आले 'शिमला करार रद्द'. दोघांनीही न वापरलेला शब्द आपण दोघांच्या तोंडी घातला.

गिरणेच्या लाभक्षेत्रात याला समांतर भाषा रोजची आहे. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, लांबवलं म्हणजे कालवा मोडला असं कोणी म्हणत नाही. करार स्थगित झाल्यावर लगेच थांबतात त्या दोन्ही देशांच्या सिंधू आयुक्तांच्या बैठका आणि आकड्यांची देवाणघेवाण. पाणी तसं थांबत नाही, कारण अडवायला धरण लागतं. सिंधू, झेलम, चिनाब या पश्चिम नद्यांवर करारानुसार भारताला ३६ लाख एकर-फूटच साठा करता येतो. 'पाणी तोडले' हा मथळा म्हणूनच दुहेरी वाईट: घरच्यांना न झालेली गोष्ट झाल्यासारखी वाटते, आणि 'पाणी अडवणे वा वळवणे ही युद्धाची कृती' म्हणणाऱ्या पाकिस्तानला पुरावा मिळतो. 'तूर्त स्थगित' लिहा.

पांझरा, धुळे
शब्दांच्या घोळाने माणसं मेल्याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. शिरपूर तालुक्यातलं थाळनेर. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख, म्हणजे खानदेश, इंग्रजांना दिला. २७ फेब्रुवारीला हिस्लॉपची फौज थाळनेरला आली. किल्लेदार तुळशीराम मामाने आधी प्रतिकार केला, मग शरण येण्याची बोलणी दरवाजात सुरू झाली. काही इंग्रज अधिकारी दिंडी दरवाजातून आत शिरले. शिबंदीतल्या अरबांना अटी नीट कळल्या नाहीत, एकमेकांची भाषा समजेना आणि तलवारी निघाल्या. मेजर गॉर्डन मारला गेला. मग इंग्रजांनी शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. तह झालेला होता, कागदावर सगळं ठरलेलं होतं.

अमळनेरी
भाषांतराचा मोठा दाखला इटली-इथिओपियाचा. १८८९ च्या वुचाले तहाच्या सतराव्या कलमात अम्हारिक मजकूर म्हणत होता की इथिओपियाला परराष्ट्र व्यवहारासाठी इटलीची मदत 'घेता येईल'. इटालियन मजकुरात ते 'घ्यावी लागेल' असं होतं. शेवट १८९६ च्या अडवाच्या लढाईत झाला, आणि इटली हरली. मराठीत 'येईल' आणि 'लागेल' इतकाच फरक.

ख्रुश्चेव्हचं १८ नोव्हेंबर १९५६ चं 'आम्ही तुम्हाला पुरू' सगळ्यांना माहीत आहे. दुभाष्याने ते शब्दशः सांगितलं आणि पाश्चात्त्य राजदूत उठून गेले. रोख 'तुमच्या तेराव्याला आम्ही असू' असा होता; म्हणजे तुमच्या मागे आम्ही टिकू. उद्धट होतं, पण मारण्याची धमकी नव्हती.

तापीकाठ, चोपडा
आणि 'खेद' व 'माफी'? 'दिलगिरी' नेमकी कुठे बसते?

अमळनेरी
अहिराणीत हा फरक लख्ख आहे. 'माले वाईट वाटनं' म्हणजे खेद. 'मनी चूक व्हयनी' म्हणजे चूक कबूल. 'दिलगिरी' दोन्हीच्या मध्ये लोंबकळते, म्हणूनच ती मुत्सद्द्यांची लाडकी. १ एप्रिल २००१ ला हैनानजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान धडकलं, चिनी वैमानिक गेला आणि २४ अमेरिकी चीनच्या ताब्यात आले. चीनला माफी हवी होती, अमेरिकेला ती द्यायची नव्हती. शेवटी पत्रात 'व्हेरी सॉरी' दोनदा आलं: एकदा वैमानिकासाठी, एकदा विमान चिनी तळावर तोंडी परवानगीशिवाय उतरल्याबद्दल. चीनने त्याचं भाषांतर 'गाढ दिलगिरी'च्या वजनाच्या शब्दाने केलं. पूर्ण माफीचा शब्द तिथेही नव्हता. अमेरिका म्हणाली, माफी नव्हेच. माणसं सुटली. मराठीत त्याला 'अमेरिकेची माफी' म्हणणारा मथळा चीनची बाजू घेतो, 'खेद' म्हणणारा अमेरिकेची. 'दिलगिरी' दोघांनाही चालते.

तापीकाठ, चोपडा
मग मूळ प्रश्नाकडे. पाचारण करून निषेध सांगितला, तर 'खडसावले'ऐवजी काय?

अमळनेरी
'समज दिली'. पोलीस ठाण्यातला शब्द आहे, औपचारिक आहे आणि आवाज चढवत नाही.

केळीबाग, रावेर
समज दिली म्हटलं की वरच्याने खालच्याला सांगितल्यासारखं होतं, आणि दूत सार्वभौम देशाचा असतो. 'पाकिस्तानी प्रभारींना पाचारण. भारताचा निषेध' एवढं पुरे. 'तीव्र' मूळ निवेदनात असेल तर ठेवा, नसेल तर पदरचं घालू नका.

सातपुडा, नंदुरबार
आणि 'सज्जड दम'?

अमळनेरी
तो बाजार समितीच्या निवडणुकीच्या बातमीला ठेवा.