वरिष्ठ यूएक्स डिझायनरने स्क्रीन काढायची की नाही?

कोरी_चौकट (धागालेखिका)
वरिष्ठ यूएक्स डिझायनर (ॲप वापरणाऱ्याचा अनुभव आखणारा) फिग्मा, म्हणजे स्क्रीनचे आराखडे रेखाटायचे सॉफ्टवेअर, उघडून बसलेला दिसला तर त्याचा पगार वाया जातो आहे असे समजावे, असे काल इथल्याच एका सदस्याने लिहिले. स्क्रीन काढणे कनिष्ठांचे काम आणि दिशा देणे वरिष्ठांचे, हा त्यांचा युक्तिवाद. रात्रभर ते वाक्य टोचत राहिले, म्हणून हा वेगळा धागा.

हात सुटला की नजरही सुटते, असे माझे मत आहे. आमच्या संघातील एका वरिष्ठांनी नोंदणीच्या अर्जाचा प्रोटोटाइप (वापरून पाहण्याचा कच्चा नमुना) बैठकीत, भिंतीवरच्या पडद्यावर पाहून मंजूर केला. चाचणीला आलेल्या पहिल्याच बाईंनी फोनवर नाव लिहिण्यासाठी चौकटीला बोट लावले, कीबोर्ड वर आला आणि ‘पुढे’ हे बटण त्याखाली पूर्ण झाकले गेले. बाई बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिल्या आणि शेवटी “माझंच काहीतरी चुकलं असेल” म्हणत त्यांनी फोन खाली ठेवला. तो अर्ज एकदा स्वतः फोनवर भरून पाहिला असता तर हे तिथल्या तिथे कळले असते. रिकामी यादी, मध्येच तुटलेले नेटवर्क, चौकटीत न मावणारे आडनाव या गोष्टी धोरणाच्या स्लाइडवर दिसत नाहीत; त्या काढताना हाताला लागतात.

तिसरा_मसुदा
ते ‘एक सदस्य’ मीच. नाव घेतले असते तरी राग आला नसता.

आपण सांगितलेली चूक निष्काळजीपणाची आहे, पदाची नव्हे. डिझाइनतज्ज्ञ डॉन नॉर्मन यांनी १९९३ मध्ये ॲपलमध्ये असताना ‘यूझर एक्स्पिरिअन्स’ हा शब्द स्वतःच्या पदनामात घेतला, तो ‘इंटरफेस’ आणि ‘यूजेबिलिटी’ (वापरसुलभता) हे शब्द त्यांना तोकडे वाटत होते म्हणूनच. आणि आपण तीस वर्षांनी पुन्हा बटणापाशी येऊन थांबलो आहोत. माझाही एक अनुभव सांगतो. एका कंपनीत सगळ्यांना नवा डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एकत्र दाखवणारे पान, हवा होता. मी तीन आठवडे एकही चौकट न काढता, तो वापरणार असलेल्या लोकांच्या शेजारी बसून राहिलो. ते सगळे रोज सकाळी जुन्या पानावरून तक्ता उतरवून घेत आणि पुढचे सर्व काम स्प्रेडशीटमध्ये करीत, त्यामुळे त्यांना हवे होते ते फक्त तक्त्यातील रकान्यांची योग्य मांडणी करून देणे. डॅशबोर्ड झालाच नाही. चार महिन्यांचे काम वाचले आणि माझ्या पोर्टफोलिओत त्याचे एकही चित्र नाही.

राहिला प्रश्न कीबोर्डचा. चाचण्या त्यासाठीच असतात. पाच जण बसवा, बहुतेक दोष बाहेर येतात.

दशांशचिन्ह
मूळ विषयावर माझे फारसे मत नाही, पण ‘पाच जण बसवा’ हे वाक्य वाचून गप्प बसवत नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक निल्सन आणि लँडॉअर यांच्या १९९३ च्या मांडणीत एका वापरकर्त्याला एखादा दोष आढळण्याची सरासरी शक्यता ३१ टक्के निघाली होती, आणि तेवढ्यावरच पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष सापडतात हे गणित उभे आहे. तीच शक्यता १० टक्के धरा. मग पाच जणांत तो दोष दिसण्याची शक्यता जेमतेम ४१ टक्के उरते. प्रत्येक बैठकीत हा आकडा पाढ्यासारखा म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी हा हिशेब एकदा तरी केला आहे?

तिसरा_मसुदा
हिशेब मलाही येतो. निल्सन यांनी २००० मध्ये सांगितले ते पाचांवर थांबायला नव्हे. पंधरा जणांचा खर्च परवडत असेल तर पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या करा आणि दोन फेऱ्यांमध्ये आराखडा दुरुस्त करा, असा तो सल्ला होता. अर्धे वाचून पूर्ण टोमणा मारू नये.

दशांशचिन्ह
मग आपण अर्धे लिहूही नये. ‘पाच जण बसवा’ या वाक्यात तीन फेऱ्या कुठे होत्या, ते मी दोनदा वाचूनही सापडले नाही.

उलटी_खूण
आपण दोघे पाच की पंधरा यावर भांडत आहात आणि मला गेल्या दोन प्रकल्पांत एकही वापरकर्ता भेटू दिला गेला नाही. “वेळ नाही, तुम्ही अनुभवी आहात, अंदाजाने ठरवा” असे प्रॉडक्ट मॅनेजर सांगतात. मुलाखतीला गेले की मात्र घरी करायला फुकटचा प्रकल्प देतात आणि त्यात संशोधनाचा टप्पा का नाही, म्हणून गुण कापतात. वरिष्ठाचे खरे कौशल्य कोणते म्हणाल, तर नकार पचवत त्याच माणसाला चाचणीच्या खोलीत आणून बसवणे. मी एकदाच ते साधले होते. वापरकर्ता फिकट राखाडी अक्षरे वाचायला फोन डोळ्यांजवळ नेतो आहे, हे त्या मॅनेजरांनी काचेपलीकडून पाहिले आणि वर्षभर अडलेला रंग त्याच संध्याकाळी बदलला. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक किमान ४.५ : १ हवा, हे मी त्याआधी अनेकदा लेखी कळवले होते.

कोरी_चौकट (धागालेखिका)
उलटी_खूण, आपला प्रतिसाद आवडला. पण ती अक्षरे फिकट आहेत हे आपल्याला कळले ते आपण स्वतः स्क्रीन पाहता म्हणूनच ना? तिसरा_मसुदा यांच्या व्याख्येप्रमाणे तर आपणही पगार वाया घालवत होतात.

तिसरा_मसुदा
पाहणे आणि काढणे यांत फरक आहे, हे धागालेखिकेला कळत नसेल असे वाटत नाही, सोयीचे नसावे. तरीही, भांडण वाढू नये म्हणून नव्हे तर ते खरे आहे म्हणून, एक मान्य करतो: मंजुरी देण्यापूर्वी वरिष्ठाने आराखडा खऱ्या फोनवर, एका हाताने, स्वतः वापरून पाहिलाच पाहिजे. फिग्मा उघडण्याची सक्ती मात्र मला अजूनही मान्य नाही.

कोरी_चौकट (धागालेखिका)
एवढे तरी पदरात पडले! तीन आठवडे लोकांच्या शेजारी बसण्याची आपली गोष्ट चांगली आहे, हेही नाइलाजाने लिहिते. फक्त ती रकान्यांची मांडणी शेवटी कोणी काढली, ते आपण सांगितले नाही.

तिसरा_मसुदा
मीच. कागदावर.